चाकांवरची शेगडी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे काही माझं काम नाही. आमच्या घराण्याचा आजवर छापून आलेला मजकूर म्हणजे लग्नपत्रिका, आणि त्यांतही निम्मी नावं चुकलेली. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. त्यामुळे आबांना वाटतं की मला सगळं कळतं, आणि मला वाटतं की आबांचा हा समज इतक्यात दूर करू नये. पुढचा सगळा गोंधळ यातूनच झाला.

मूळ कल्पना ताईची. ताईला बारावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, पण पुढे शिकलो मी आणि गोठा आला तिच्याकडे. (हे वाक्य मी दोनदा खोडलं. पण खरं आहे, म्हणून ठेवलं.) एका संध्याकाळी धार काढून झाल्यावर ती आबांना म्हणाली, "रोडकडच्या तुकड्यात ज्वारी लई झकास आलीय. नगरची मान्सं हुरडा खायाला गाड्या घेऊन हिंडत्यात. आपन बोलवू की त्यांना!"

त्या तुकड्यात पुढच्या वर्षी ऊस लावायचा, असं आबांच्या मनात होतं. त्यांनी मिशीवरून बराच वेळ हात फिरवला.

"एकडाव करून बग. पावनी खुशीत गेली तर तुकडा तुझा. न्हाई गेली तर तितं ऊस, आन् पुन्यांदा हुरड्याचं नाव काडायचं न्हाई. हाय कबूल?"

"हाय," ताई म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की म्हशीनेसुद्धा वळून पाहिलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी तोंड उघडलं.

"ताई, खड्ड्यात गोवऱ्या पेटवून कणसं भाजणं आता सगळेच करतात. आपण ग्रिल आणू. बार्बेक्यू!"

त्याचं असं झालं होतं की नगरला, सावेडीत एका वर्गमित्राच्या बंगल्याच्या गच्चीवर मी एकदा ग्रिल पाहिलं होतं. तेव्हापासून लेक्चरला बसलो की फळ्याच्या जागी मला आमचं शेत दिसायचं. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, कणसांवरचं दव, ज्वारीवरून हळूहळू तरंगत जाणारी निळसर धुराची एक रेघ. पाहुणे हलक्या आवाजात बोलताहेत. मी पांढरा एप्रन घालून चिमट्याने एकेक कणीस अलगद उलटतोय. एवढ्यात सर विचारायचे, "मागणीचा नियम सांगा," आणि मी म्हणायचो, "आणखी थोडं भाजू द्या, सर."

आता प्रश्न एकच उरला: गॅसचं घ्यायचं की कोळशाचं? मी घरात रीतसर भाषण दिलं. कोळशाने स्वाद येतो; गॅसने कंट्रोल राहतो.

"कोळसा इकत आनायचा?" आबा म्हणाले. "मंग बांधावरच्या बाभळी काय शोभेला लावल्यात?"

"गॅसची शेगडी हाय की घरात," आई म्हणाली.

"अगं, पण स्वाद आणि कंट्रोल..."

"दोन्ही घरातच हाय," आबा म्हणाले. "स्वाद बी तुज्या आईकडं आन् कंट्रोल बी तिच्याकडंच!"

शेवटी ताईनेच माझी बाजू घेतली. "जाऊ द्या आबा, शिकलाय त्यो. काई तरी बगूनच बोलत आसंल." हा विश्वास मला आजही टोचतो.

दुकानात मी इतका वेळ उभा राहिलो की दोन गिऱ्हाइकांनी मलाच किंमत विचारली. कोळशाच्या ग्रिलपुढे गेलो की मला निखारे दिसत, त्यांच्यावर राखेची मऊ साय दिसे. गॅसच्या पुढे गेलो की निळ्या ज्वाळांची रांग दिसे, चांदण्यासारखी.

"यावर भाजणार काय तुम्ही? पनीर? चिकन?" दुकानदाराने विचारलं.

"हुरडा."

दुकानदाराने खाली बसायला स्टूल दिलं.

मी गॅसचं घेतलं. दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनच्या मधोमध, ते चकचकीत ग्रिल धरून मी गावाकडे निघालो, आणि भिंगार मागे पडायच्या आतच मला कोळशाची आठवण येऊ लागली. एक स्थळ पक्कं करून नवरदेवाने सगळ्या वाटेवर दुसऱ्या स्थळाबद्दल सुस्कारे सोडावेत, तसं माझं झालं.

रविवारी सकाळी सावेडीच्या एका भिशी मंडळाच्या बायका यायच्या होत्या. ताईने खळं सारवलं, चटण्या वाटल्या, दही विरजलं, अंथरायला नव्या सतरंज्या आणल्या. मी ग्रिलला सिलेंडर जोडला आणि लायटर हातात घेतला.

"थांब!" आई ओरडली. "नव्या शेगडीवर आदी दूद उतू घालायचं!"

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे नवी चूल असो, नवं घर असो, पहिल्यांदा दूध उतू गेल्याशिवाय तिच्यावर काही शिजत नाही. "आई, हे ग्रिल आहे," मी म्हणालो. "आगीन हाय का न्हाई तिच्यात?" आई म्हणाली. यावर कॉलेजात काहीच शिकवलेलं नाही.

हळदीकुंकू वाहिलं. दुधाचं पातेलं चढलं. आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. दूध भरभर वर आलं आणि पश्चिमेकडून उतू गेलं.

आईचा चेहरा पडला. "पूर्वेला जायला पायजे. आजच्या दिशी आसं कसं?"

"जमीन सपाट न्हाई, दूद काय करील?" असं म्हणत आबांनी ग्रिलच्या पश्चिमेकडच्या चाकांखाली विटा सारल्या. (हो, त्याला चाकं होती. चाकं मीच मागून घेतली होती. म्हटलं, पाहुण्यांपर्यंत शेगडी चालत गेली पाहिजे!) आता ग्रिल पूर्वेला असं झुकलं की जणू उगवतीला नमस्कारच करतंय. पुन्हा दूध. या वेळी आईने हात सैल सोडला आणि पातेलं काठोकाठ भरलं.

दूध पूर्वेला गेलं. उत्तरेला गेलं. दक्षिणेलाही गेलं. फस्सकन आवाज झाला आणि माझ्या चांदण्याच्या रांगा एकामागून एक विझल्या.

"बंद कर! शिलेंडर बंद कर!" ताई धावली आणि कॉक बंद करून तिने सिलेंडर थेट गोठ्यापलीकडे नेऊन ठेवला. मी बर्नर पाहिला. त्याच्या प्रत्येक भोकात साय बसली होती. मी खराट्याची काडी घेऊन एकेक भोक मोकळं करू लागलो. आई मात्र प्रसन्न होती. "भरभराट हुनार!" ती म्हणाली.

तेवढ्यात गाड्या आल्या. बायका उतरल्या, त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि त्यांच्या पुढारी मॅडम म्हणाल्या, "अय्या, काहीतरी करपलंय का?"

"स्वागताची पद्धत आहे," मी म्हणालो. हे खोटंही नव्हतं.

"पेटतंय का रं?" आबांनी कानात विचारलं.

"नाही."

"मंग आता कोळशाचं समज!" आणि मी काही बोलायच्या आत आबांनी त्या गॅसच्या ग्रिलमध्ये गोवऱ्या रचल्या, वर बाभळीच्या काटक्या घातल्या आणि काडी ओढली.

इथे एक कबूल करतो: क्षणभर मला फार बरं वाटलं. गॅसही मिळाला, कोळसाही मिळाला. धूर खरंच ज्वारीवरून तरंगत गेला, निळसर, हळू, अगदी माझ्या लेक्चरमधल्यासारखा. मी एप्रन घातला. चिमट्याने पहिलं कणीस उचललं. तिकडे ग्रिलची बटणं वितळून मधासारखी खाली ओघळत होती, पण मी वर बघत होतो.

"धूर डोळ्यात जातोय हो!" एक बाई म्हणाल्या.

"स्वाद आहे तो," मी म्हणालो.

"कंट्रोल कर की मंग!" आबा म्हणाले, आणि विस्तव सारखा करायला त्यांनी काठीने जोरात ढोसलं.

ग्रिल विटांवरून उतरलं. आधी हळूच, लाजल्यासारखं. मग चाकांना उतार सापडला. पेटलेलं ग्रिल, त्यावरची कणसं, मागे चिमटा उगारून एप्रनमधला मी, माझ्यामागे आबा, अशी आमची मिरवणूक पूर्वेकडे निघाली. आणि पूर्वेकडे कडब्याची गंजी होती. सबंध वर्षाचा म्हशींचा चारा!

"गंजी! गंजी!" आई किंचाळली.

ताई आडवी धावली. तिने पाण्याच्या पाटाजवळचं खोरं उचलून चाकात घातलं. ग्रिलने गिरकी घेतली आणि ते भरलेल्या पाटात कोसळलं. एवढी वाफ उठली की काही वेळ आम्ही एकमेकांना दिसलोच नाही. (मला तर ते बरंच वाटलं.)

वाफ विरली. आबा उसाच्या जागेकडे बघत होते. ताईचे डोळे भरलेले मला दिसले. माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात कणीस होतं, कच्चं.

मग मॅडमचा आवाज आला, "अहो, त्या पातेल्याची खरवड कुणी घेणार आहे का?"

"घ्या की," आई गडबडून म्हणाली. मॅडम पातेल्याजवळ बसल्या आणि उलथण्याने तळ खरवडू लागल्या. "मला पण!" दुसऱ्या म्हणाल्या. "ए, तू काठाची घे, तळाची माझी!" साठीच्या बायका एका पातेल्यावरून भांडू लागल्या. ताईने पदराने डोळे पुसले, त्याच खोऱ्याने खड्डा घेतला आणि गोवऱ्या पेटवल्या. दुपारी त्या बायका निघाल्या तेव्हा त्यांच्या तळहातांना हुरड्याची कूस लागलेली होती आणि त्या खूप हसत होत्या. पण खुशीत हसत होत्या की आम्हाला हसत होत्या, ते कुणालाच कळलं नाही. आबांनी निकाल राखून ठेवला.

मी नगरला परतलो. रोज फोन करायचो. आबा म्हणायचे, "म्हशी बऱ्या हायेत," आणि ठेवून द्यायचे.

शेवटी एकदा ताईचा फोन आला. "आरं, त्या मॅडमनी लई जनींना सांगितलंय! येत्या रविवारी दुसरं मंडळ येतंय, त्याच्या म्होरच्या रविवारी तिसरं. आबांनी काल उसाचं बेनं सांगितलं हुतं, ते आज नगं म्हनून कळवलं. तुकडा माजा!"

मला पाटाच्या कडेला बसल्यासारखं गार वाटलं. "आणि माझ्याबद्दल कुणी काही?"

"इचारलं की. सगळ्यांनीच इचारलं. म्हनल्या, ग्रिलवाला भाऊ आसनार का?"

ज्वारीवरून पुन्हा एक निळसर रेघ तरंगू लागली. "सांग त्यांना, येतो म्हणून!"

"तसं न्हाई रे सोन्या. तू न्हाईस याची खात्री झाल्याबिगर बुकिंग करीनात. म्हनून मी सांगून टाकलंय, त्येची परीक्षा हाय."

तेव्हापासून ज्वारी वाळेपर्यंत दर रविवारी माझी परीक्षा आहे.