एका डोळ्याचा वैमानिक

श्रावणातली उघडीप पडली की आमच्या जव्हारच्या घरात मागच्या खोलीच्या खिडकीतून ऊन येतं आणि टेबलाच्या कडेवर येऊन थबकतं. गेल्या वर्षी त्या उन्हाबरोबर एक आवाज यायचा. टक्. मग बराच वेळ काही नाही, आणि मग पुन्हा टक्, ताणून बसवलेल्या कागदावर कुणी नखाने हलकेच टिचकी मारावी तसा. मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत असले तरी तो माझ्यापर्यंत पोचायचा. त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. विमानाच्या पंखांवरचा झिरझिरीत कागद पावसाळी हवेतली ओल पिऊन सैल पडतो आणि ऊन लागलं की पुन्हा आवळतो, आणि आवळताना आतल्या लाकडी बरगड्यांवर वाजतो. श्रीधरने, माझ्या नवऱ्याने, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात समजावून सांगितलं होतं. कारण कळलं की भीती जाते, असं मी इतकी वर्षं वर्गात मुलांना सांगत आले. श्रीधर माघात गेला आणि त्या पावसाळ्यात मला कळलं, की कारण एकीकडे राहतं आणि भीती दुसरीकडे राहते, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणंसुद्धा नसतं.

श्रीधर वीज खात्यात नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात विमानं करायचा. कपाटात मांडून ठेवायची नव्हेत, उडणारी. खऱ्या विमानाच्या मापात लहान केलेली, आत बोटभर जाडीच्या रबराच्या लडीला पीळ भरून पंखा फिरवणारी, हातातून सुटल्यावर कुणाच्याही ताब्यात न राहणारी. लग्न ठरवताना मुलाला कसलंही व्यसन नाही असं माझ्या वडिलांना सांगण्यात आलं होतं. ते सांगणाऱ्याने आमची मागची खोली पाहिली नसावी. तिथे पिकलेल्या केळ्यासारखा गोडसर, डोकं जड करणारा लॅकरचा वास कायम भरून असायचा, आणि तो माझ्या शालूलाही लागला. पहिलं वर्ष मी रुसून काढलं. पण पंखांवर कागद चढवताना त्याच्या हातून सुरकुत्या पडायच्या, आणि मला साड्यांना खळ घालायची आणि ताणून वाळत घालायची लहानपणापासूनची सवय, तेव्हा एकदा न राहवून मी त्याला बाजूला सारलं आणि तिथून पुढे कागद माझ्याकडे आला. बरगड्यांना खळ लावायची, कागद अलगद टेकवायचा, न्हाव्याकडे असते तसल्या फवाऱ्याच्या बाटलीने वरून पाणी शिंपडायचं आणि तो वाळताना ढोलकीसारखा ताठ होत जाताना पाहायचा. आमची मुक्ता शेपटीला रंग द्यायची आणि माळावर पडलेलं विमान धावत जाऊन आणायची. संसार म्हणून आम्ही जे काही केलं, त्यातला बराचसा भाग त्या खोलीतच झाला.

काशिनाथ जवळच्याच पोशेरा गावचा. विजेच्या तारा ओढायला श्रीधर त्याच्या पाड्यावर गेला होता, तेव्हा ओसरीवर बसून तो पांगाऱ्याच्या लाकडाचा एक मुखवटा कोरत होता. आमच्या भागात उन्हाळ्यात बोहाडा होतो, संबळाच्या तालावर देवादैत्यांची सोंगं नाचतात. ते मुखवटे काशिनाथच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घडतात. श्रीधरने तो मुखवटा उचलून पाहिला आणि लाकडाचा हलकेपणा हाताला लागताच तारा, खांब, साहेब, सगळं विसरला. त्या संध्याकाळी तो पांगाऱ्याचा एक ओंडका आणि काशिनाथ, अशा दोघांना घेऊन घरी आला. पुढची कितीतरी वर्षं त्या दोघांची दर आठवड्याची भांडणं मी ऐकली. काशिनाथने पहिल्या विमानात बसवायला कोरलेला वैमानिक असा भरभक्कम होता की विमानाने नाकावरच झेप घेतली. त्यावरून श्रीधर त्याला आयुष्यभर चिडवत होता. नंतरचे वैमानिक तो कागदाच्या लगद्याचे करू लागला, सुपारीएवढ्या तोंडाचे, मिशीवाले, जरासे रागीट.

या छंदाला दोन माणसं लागतात. एकाने विमान शेपटीपाशी घट्ट धरून उभं राहायचं, दुसऱ्याने नाकाकडून रबराची लड दूरवर ताणत न्यायची आणि गिरमिट फिरवत, पीळ भरत पावलापावलाने जवळ यायचं. धरणाऱ्याने हलायचं नाही. ताण वाढत जातो, हातातलं लाकूड थरथरू लागतं, आणि समोरचा माणूस जवळ येत राहतो. गावाबाहेरच्या शिरपामाळावर सुट्टीच्या दिवशी माणसं येतात म्हणून हे दोघे मधल्या वारी सकाळी जायचे, आणि आलटून पालटून एक धरायचा, एक पीळ भरायचा. आणखी एक गोष्ट असायची, उदबत्ती. माळ तापला की गरम हवेचा स्तंभ वर चढतो, घारी त्याच्यावर बसून गिरक्या घेतात, आणि विमान त्यात सापडलं तर गेलंच. म्हणून शेपटीची फळी एका बारीक रबरबँडने दाबून बांधायची आणि त्यात पेटत्या उदबत्तीचा तुकडा खोवायचा. उदबत्ती जळत रबरापर्यंत आली की रबर तुटतं, शेपूट वर उचललं जातं आणि विमान उडायचं विसरून पान गळावं तसं खाली येतं. उदबत्तीचा तुकडा केवढा घ्यायचा, यावरूनही दोघे भांडत.

त्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांनी एक उंच पंखांचं, जुन्या घडणीचं विमान केलं होतं. सगळं झालं होतं, वैमानिकाचे डोळे तेवढे राहिले होते. काशिनाथच्या घरचा रिवाज असा, की मुखवट्याचे डोळे सर्वांत शेवटी रंगवायचे, दोन्ही एकाच बैठकीत, एकाच हाताने, आणि तेही ज्या दिवशी त्याला बाहेर काढायचं त्याच दिवशी. त्या आठवड्यात काशिनाथ गावी अडकला. श्रीधरला धीर कधी नव्हताच. त्याने एका दुपारी बारीक कुंचला घेतला आणि वैमानिकाचा डावा डोळा रंगवून टाकला. मला बोलावून दाखवला आणि म्हणाला, "एक माझा, एक काशिनाथचा." त्याला ती वाटणी फार न्याय्य वाटली होती. मैत्री म्हटलं की सगळं निम्मं निम्मं, इतकंच त्याला समजायचं. त्याच आठवड्यात त्याच्या छातीत दुखू लागलं आणि नाशिकला नेईपर्यंत सगळं संपलं.

काशिनाथ दहाव्याला आला, मागच्या खोलीत गेला, आणि लगेच बाहेर आला. माझ्याशी तो दोन शब्दही बोलला नाही. त्यानंतर चैत्र गेला, वैशाख गेला, भातलावणी झाली, आणि काशिनाथ आमच्या दारात उभा राहिला नाही. मला त्याचा राग आला, अगदी मनापासून आला. माणूस होता तोवर मैत्री होती, असं मी मुक्ताला फोनवर म्हणाले, आणि तिने विषय बदलला. ती नाशिकला असते. विमान काचेच्या पेटीत ठेवावं असं तिने सुचवलं आणि मला ते पटलं. श्रीधरने शेवटी हात लावलेली ती वस्तू होती. तिच्या पंखांवर माझी बोटं होती, शेपटीवर मुक्ताची, आणि त्या डोळ्यात त्याची नजर. ती मला हवी होती, आणि दुसऱ्या कुणाचं त्यात काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

पण त्या डोळ्यासमोर वावरणं सोपं नव्हतं. खोलीत झाडू मारताना तो माझ्या पाठीवर असायचा. तिळाएवढा डोळा तो, पण उजवीकडची कोरी जागा त्याला आणखी मोठा करायची. एकदा मी त्यावर रुमाल टाकला, आणि मग माझीच मला लाज वाटून काढून घेतला. पावसाळा लागला, कागद सैल पडला, उघडीप आली आणि टकटक सुरू झाली. मी ओल्या हातांनी खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. खोलीत ऊन, लॅकरचा विरत चाललेला वास, आणि माझ्याकडे पाहणारा तो. मी त्याच्याशी बोलले असं मी म्हणणार नाही, पण गप्पही राहिले नाही.

कार्तिकात, भातं कापून झाल्यावर, काशिनाथ आला. नव्या तांदळाची पिशवी त्याने ओट्यावर ठेवली, चहा नको म्हणाला, आणि जमिनीकडे बघत बसला. मी मुद्दाम पेटीबद्दल सांगितलं, सुताराला माप दिलंय म्हणाले. त्याने मान वर केली.

"वयनी, डोळा उघाडला का ते वाट बघतं," तो म्हणाला. "तेला घरात नाय ठेवायचा."

मी चिडून म्हटलं, की इतकं वाटत होतं तर इतके महिने होतात कुठे. त्यावर त्याने जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"सपनात येतो तो. बोलत नाय काय. नुस्ता विमान धरून हुबा. मी गिरमिट शोधतो, तं गावत नाय मला. तो तसाच हुबा." मग तो म्हणाला, "मला तोंड दाखवाया लाज वाटं. तेला बी, तुमाला बी."

त्याच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. माझा इतक्या महिन्यांचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी आत गेले आणि सुताराला फोन करून पेटी नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिरपामाळावर गेलो. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि त्याला ऊन लागायला सुरुवात होताच तो भाजल्यासारखा, गोड वास सुटला होता. वारा नव्हता. काशिनाथने खिशातून कुंचला काढला. श्रीधरने रंगवलेला डोळा त्याने आधी पांढऱ्या रंगाने झाकला, आणि मग एका बैठकीत, श्वास धरून, दोन्ही डोळे नव्याने उघडले. तेवढ्यावर त्या रागीट चेहऱ्यावरचा राग कसा कोण जाणे ओसरला. मग त्याने विचारलं, उदबत्ती लावायची का. मी लगेच हो म्हटलं. उडव, पण परत आण, एवढंच माझ्या मनात होतं. डोळे उघडले, बाहेर काढलं, रिवाज झाला. आता ते संध्याकाळी माझ्या टेबलावर असलं म्हणजे झालं. त्याने मान डोलावली, श्रीधरने घेतला असता तेवढाच तुकडा घेतला आणि पेटवून शेपटीच्या रबरात खोवला.

मी विमान धरून उभी राहिले. आजवर मी कागद चढवला होता, धरलं कधीच नव्हतं. काशिनाथ लड ताणत दूर गेला आणि गिरमिट फिरवत एकेक पाऊल जवळ येऊ लागला. पहिल्यांदा काही वाटलं नाही. मग लाकूड थरथरू लागलं, दंड भरून आले, बोटं आखडली, आणि खांदे दुखू लागले तरी हलायची सोय नव्हती. उदबत्तीचा धूर माझ्या तोंडाशी येत होता; श्रीधरच्या तसबिरीपुढे मी रोज लावते तीच ती उदबत्ती. आणि तिथे, त्या धुरात, मला ते स्वप्न काशिनाथने सांगितलं होतं त्याच्या उलट्या बाजूने दिसलं. असाच उभा होता श्रीधर, हात असेच भरून आलेले, आणि समोरून कुणी येत नव्हतं. मला वाटलं, याला परत आणायचं म्हणजे पुन्हा असंच उभं करायचं.

काशिनाथ जवळ पोचला, लड नाकात अडकवली, पंखा माझ्या स्वाधीन केला आणि मागे वळून गिरमिट गवतावर ठेवायला वाकला. "सोडा आता," तो वाकूनच म्हणाला. मी एका हाताने विमान आणि पंखा सांभाळला, दुसऱ्या हाताच्या चिमटीत उदबत्तीचा निखारा धरला आणि तो विझेपर्यंत दाबला. मग सोडलं.

ते सरळ गेलं, उजवीकडे कललं आणि गिरकी घेत चढू लागलं. पंखांतून ऊन झिरपत होतं, आणि माझ्या हातांनी बसवलेल्या कागदातून एकेक बरगडी मोजता येईल अशी दिसत होती. पंखा थांबला तरी ते उतरेना. दरीच्या काठावर घारी फिरत होत्या, ते त्यांच्यात गेलं. काशिनाथ कपाळावर आडवा हात धरून बघत होता.

"आता शेपूट उठंल," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "आता उठंल."

शेपूट उठलं नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हाताकडे. अंगठा आणि तर्जनी काळी झाली होती. पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याने माझ्या बोटांवर हळूहळू, सगळी संपेपर्यंत, पाणी ओतलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा तिथे नुसत्या घारी होत्या.

काशिनाथ आता पुन्हा येतो, नव्या विमानाचं लाकूड मागच्या खोलीत सुकत पडलं आहे, आणि धरायला मी असते. परवा मी त्याला विचारलं, स्वप्न अजून पडतं का. नाही पडत, म्हणाला, त्या दिवसापासून नाही. मला बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला, कारण माझ्या स्वप्नात श्रीधर कधी आलाच नव्हता. माझ्याकडे फक्त तो आवाज होता. दरीतल्या कुठल्याशा झाडावर, जिथे कुणी जात नाही तिथे, कागद कधीच फाटून गेला असेल. हे मला ठाऊक आहे. तरी या श्रावणात उघडीप पडली आणि ऊन टेबलाच्या कडेवर आलं, की मी गॅस बारीक करते आणि थोडा वेळ काहीच वाजू देत नाही.