घोरपडीची ओटी

खडवलीच्या सगुणाबाईने नदीच्या अलीकडून हाक मारली, तर पलीकडची म्हैस मान वळवायची. पण घरातल्या पुरुषांपुढे तो आवाज काही चालत नसे. ते हो म्हणत आणि करत आपल्या मनातलंच.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. कल्याणचा एक कातडीवाला शेठ गावात यायला लागला. घोरपडीच्या कातडीच्या म्हणे शहरातल्या बायकांसाठी पर्स करतात! सगुणाबाईचा धाकटा दीर नाथा या धंद्यात पडला आणि बघता बघता नदीकाठचे बांध सुने झाले.

एके सकाळी नाथाने घरामागच्या बांधातली घोरपड धरून आणली आणि पडवीच्या खांबाला सुंभाने बांधली. आसपास उरलेली ती एकटीच. पोट टम्म फुगलेलं, अंड्यांवर आलेली. जेवणवेळेआधी शेठ न्यायला येणार होता. सगुणाबाई पडवीत आली.

"नाथा, पोटुशी हाय रं ती. सोड तिला."

"मंग काय, डोहाळजेवन करतंस तिचा?" नाथा खो खो हसला आणि नदीवर आंघोळीला गेला.

झालं! आयतीच युक्ती दिली की पठ्ठ्याने.

तो परतला तेव्हा आळीतल्या झाडून साऱ्या बाया पडवीत गाणी म्हणत होत्या. घोरपड पाटावर, कपाळाला कुंकू, पुढ्यात खण, नारळ, तांदूळ आणि डोहाळे म्हणून कोंबडीची दोन अंडी. ती रागाने फुसफुसत शेपूट आपटत होती.

"पयलटकरीन अशीच चिडतं," म्हाताऱ्या हौसाबाईने निकाल दिला.

नाथाने कपाळावर हात मारला. ओटी भरलेल्या माहेरवाशिणीच्या अंगावर गावात कोण हात टाकणार? तेवढ्यात शेठ आला. बायांनी त्याला गराडाच घातला.

"सासरकडचे का तुमी? जावईबापू नाय आले?"

"पोरीला लुगडा आनलाव का?"

शेठ लालबुंद झाला आणि वहाणा हातात घेऊन जो सुटला, तो थेट स्टेशनावर. बाया पोट धरधरून हसल्या.

सगुणाबाई मात्र हसली नाही. "नाथा, आता ती भयीन तुझी. पोचवून ये," ती हळूच म्हणाली.

नाथाची सख्खी बहीण गोदा. याच पडवीत तिची ओटी भरली होती आणि नाथानेच तिला सासरी पोचवलं होतं. पहिल्याच बाळंतपणात ती गेली. घरात कोणी तिचं नाव काढत नसे.

नाथाने खणात गुंडाळून घोरपड उचलली, अंडीही घेतली आणि बांधावर गेला. जेवायची वेळ टळली तरी तो तिथेच बसून होता.

पुढे कल्याणच्या बाजारात शेठ भेटला. म्हणाला, "नाथा, आता तर तिची पिल्लं मोठी झाली असतील. आण की एखादं."

"शेठ," नाथा म्हणाला, "आमच्यात भाचरा इकत नाय."