बळीरामभाऊंनी निवडलेली पोती

बळीरामभाऊंचं श्रेय मी खाल्लं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय.

चाकणला आमचा छोटा पायलट प्लांट आहे. आसपासच्या कंपन्यांत पार्ट्स ज्या लाकडी पेट्यांतून येतात, त्यांचा भुसा पोत्यांनी आमच्याकडे येतो. रिअॅक्टरमध्ये भुसा आणि रासायनिक क्रिया घडवून आणणारा कॅटॅलिस्ट, बाहेर रेझिनला लागणारं केमिकल. एरवी ते पेट्रोलियमपासून बनतं.

कागदावर सोपं. प्रत्यक्षात कॅटॅलिस्ट दर बॅचला मरायचा, म्हणजे कामच करेनासा व्हायचा.

तीन बॅच गेल्या. चौथ्या वेळी मी टेम्परेचर थोडं उतरवलं आणि यील्ड, म्हणजे हाती आलेला माल, एकदम झकास! मी नाचायचीच बाकी होते.

बळीरामभाऊ आमचे काँट्रॅक्टवरचे ऑपरेटर, लातूरकडचे. ते शांतपणे म्हणाले,

"मॅडम, टेम्परेचरचं काय न्हाई ओ. काही पोत्यांत प्लायवूडचा भुसा असतो. गोंदाचा वास येतो त्येला. ह्या बारीला मी ती पोती बाजूला काढली."

त्यांचे वडील सुतार. लाकूड ओळखणारं नाक तिथलं.

मला लगेच पटलं. गोंदानं कॅटॅलिस्ट मरतो, हे मी शिकलेली होते.

पण "वासावरून निवडलं" असं रिपोर्टात कसं लिहायचं?

मी टेम्परेचर लिहिलं.

"माझं बी नाव टाका की मॅडम. पर्मनंटचं बघतील."

"पुढच्या रिपोर्टला नक्की, भाऊ."

त्याआधीच ते गेले. चऱ्होलीच्या घरी, हार्ट अटॅकनं. काँट्रॅक्टवरच.

मला प्रमोशन मिळालं आणि मी त्यातच अडकले.

त्या टेम्परेचरला एकही बॅच जमत नाही. साहेब दर रिव्ह्यूला विचारतात, "तेव्हा जमलं, मग आता काय झालं?" मी काहीतरी ठोकून देते. भुसा लॅबला पाठवावा तर का, ते सांगावं लागेल. इकडे आड, तिकडे विहीर.

रोज सकाळी कुणी यायच्या आत मी एकेक पोतं हुंगते.

मला सगळ्या पोत्यांना लाकडाचाच वास येतो.

आता बास. फार लाज वाटते.

साहेब, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, म्हणून मुद्दाम इथे लिहिते. ती बॅच टेम्परेचरमुळे जमली नव्हती. ती बळीरामभाऊंनी जमवली. सोमवारी रिपोर्ट दुरुस्त करून आणते. पहिलं नाव त्यांचं असेल. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

भाऊ, तुम्ही एवढंच मागितलं होतं. तेही तुम्ही असताना दिलं नाही.

माफ करा. मनापासून श्रद्धांजली.