अळणी भाकर

आमच्या ख्रिस्ती मंडळीने मला प्रभुभोजनातून काढलं, पण एक गोष्ट माझ्याकडून काढून घ्यायला ती विसरली. त्या भोजनाची भाकर मीच करत होते.

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. तिथून जवळच टिनाच्या छपराचा एक हॉल आहे. दर रविवारी तिथे आमची उपासना होते, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा आणि मनुका उकळून केलेल्या रसाचा घोट घ्यायचा. भाकर गव्हाची, जाड आणि अळणी. मीठ घालायचं नाही, हा पास्टर साहेबांचा नियम. ती भाजायचं काम कित्येक वर्षांपासून माझ्याकडे होतं आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

माझं गाव गोरेगावकडचं, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. घर हिंदू शेतकऱ्याचं, मी एकुलती एक. मी येशूला मानते हे कळल्यावर बाबांनी काही दिवस अबोला धरला, मग त्यांनाच करमेना. माय बोलत राहिली, पण स्वयंपाकघरातल्या तिच्या चुलीला तिने मला हात लावू दिला नाही. शनिवारी मी मुक्कामाला गावी जायचे, म्हणून प्रभुभोजनाची भाकरही तिथेच, परसात तीन दगड मांडून भाजायची. पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन भाजली आहे, तक्रार केली नाही. म्हणजे केली, पण भाकर भाजली.

मग बाबा गेले. तिरडीपुढे विस्तवाचं मडकं धरून चालायचा मान मुलाचा. माझ्या पोरीनेच मडकं धरावं, असं बाबांनी आजारपणात सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. काका अडून बसले. "किरिस्तावीण मडकं धरंल तं आमी खांदा नाही देत," म्हणाले, आणि अंगणातल्या बाजेवर पाठ फिरवून बसले. बाबा तसेच पडून. उन्हं चढत होती. मायने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मडकं उचललं. शेजाऱ्यांनी खांदा दिला, आणि तलावाच्या काठी मी बाबांना अग्नी दिला. ओठांत माझीच प्रार्थना होती, माझ्याच देवाची. पण मोबाइलमधल्या फोटोत प्रार्थना कुठे दिसते? मडकं दिसलं, आणि असले विधी आमच्या मंडळीत मना होते. तो फोटो माझ्याआधी कुडव्याला पोचला.

पास्टर साहेब वाईट माणूस नाहीत. रायपूरकडचे, बोलणं हिंदीत भिजलेलं. त्यांनी मला, आणि मंडळीतल्या सगळ्यात जुन्या आजोबांना समोर बसवलं. हे आजोबा तरुणपणी विश्वासात आले, आणि विश्वासाखातर त्यांनी स्वतःच्या आईच्या चितेला अग्नी द्यायला नकार दिला होता. गावाने त्यासाठी त्यांना कायमचं बाहेर काढलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिचं बरोबर असंल, तं माहं काय?"

तो प्रश्न मी आजही सोबत घेऊन फिरते.

"बहन, सबके सामने एवढंच बोला की चुकलं," पास्टर साहेब म्हणाले. "अगले महिने प्रभुभोजनाच्या टेबलवर या."

"शिक्षा द्या, मी भोगते," मी म्हटलं. "पण चुकलं म्हणणार नाही. मला तसं वाटतच नाही, तर देवाच्या घरात उभी राहून खोटं कशी बोलू?"

झालं. मला शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली आणि प्रभुभोजन बंद. चुकलं म्हणेपर्यंत बंद.

त्या खुर्चीवर बसणं सोपं होतं असं मी सांगणार नाही. मी शनिवारी धुरात डोळे लाल करून भाजलेली भाकर रविवारी ताटात समोरून यायची. रांगेरांगेतून फिरत माझ्यापर्यंत पोचायची आणि शेजारची बाई ती माझ्यावरून पलीकडे द्यायची, जणू मी खांबच. पहिल्यांदा मी घरी जाऊन खूप रडले. दुसऱ्यांदा इतका राग आला की शिवणयंत्राची सुई मोडली. लोक समजवायला यायचे. गोंदियात दुसऱ्या मंडळ्या आहेत, तिकडे जा, कोणी विचारणार नाही. मी म्हणायचे, मी काय भाड्याची खोली बदलते आहे? हा हॉल माझा आहे. त्याच्या खिडक्यांचे पडदे मी शिवलेत. या लोकांनी मला प्रार्थना करायला शिकवलं. मला इथून हाकललं तरी मी इथेच बसेन.

आणि भाकर? ती मी नेतच राहिले. दर महिन्याला पास्टर साहेबांच्या हातात डबा द्यायचे. ते अवघडून घ्यायचे. करू नका, असं म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही आणि मी विचारलं नाही.

इकडे काकांना बातमी लागली. ते खुशीत घरी आले. "त्याईनंबी टाकलं ना तुले? आता ये वापस. एक पूजा घालू, चार लोकाईले जेवू घालू, मामला खतम."

"काका, मी तिथं शिक्षा भोगून राहिली, पळून नाही आली," मी म्हटलं. "चहा पिऊन जा."

ते चहा न पिताच गेले. माय दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. "कायची शिक्षा?" तिने विचारलं. तोवर मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मग सगळं सांगितलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्कूटी काढली, तर माय धुतलेलं लुगडं नेसून मागच्या सीटवर येऊन बसली.

हॉलमध्ये ती माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत बसली, डोक्यावर पदर घेऊन. ताट फिरत आलं आणि आम्हा दोघींवरून पलीकडे गेलं.

"आपल्याले नाही देत?" मायने विचारलं. तिचा आवाज बांधीवरून बांधीवर हाक मारणारा आहे. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"नाही माय. हळू बोल."

"केली तं तूच!" आणि माय उठून उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, तिने सोडवून घेतला. "माहा माणूस मरून पडला होता. त्याचे भाऊ बाजेवर रुसून बसले होते. पोरगी नाही उचलंल, तं कोण उचलंल? तुमच्या देवाले याचा काऊन राग आला, तेवढं सांगा. मी बसतो मंग."

उत्तर पास्टर साहेबांनी द्यायचं होतं. आजोबा मात्र पहिल्या रांगेतून उठले आणि खुर्च्यांचा आधार घेत मागे आले. मला वाटलं, आता भांडण होणार. मायसमोर उभे राहून ते म्हणाले, "मी नाही उचललं, बाई. माह्या मायले मी नाही उचललं." मायने त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

उपासनेनंतर पास्टर साहेब माझ्याजवळ आले. "अगले महिने आगे बैठिए."

"चुकलं म्हणावं लागेल?"

"नाही." मग म्हणाले, "पर शिक्षा दिली, ती मंडळीनं दिली. तुम्ही मानली."

"मानली," मी म्हटलं. "त्याबद्दल माझी तक्रार नाही." खरं तर होती, पण ती मी देवाशी बोलणार होते.

पुढच्या महिन्यात शनिवारी मी परसात दगड मांडायला गेले, तर मायने हाक मारली. "आत ये. बाहेर कायले धूर खाऊन राहिली?" चूल पेटलेली होती आणि परातीत कणीक भिजवायला तीच बसली होती. मी दारातच थांबले. डोळे भरून आले, त्याचा दोष मी धुराला दिला.

"मीठ घालायचं नाही हं, माय."

"अळणी? देवाले अळणी देता तुमी?"

"नियम आहे."

"बरं," ती म्हणाली.

रविवारी मी पुढे बसले. ताट आलं. मी तुकडा घेतला आणि तोंडात ठेवला. समोर पास्टर साहेबही चावत होते. चावता चावता थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चावू लागले.

मायने मीठ घातलं होतं.