दादासाठी आणलेली क्रिकेटची कार्डं

अर्धांगाचा झटका आल्यापासून दादा बोलत नाही. सेलूच्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर पडून असतो. कुणी आलं-गेलं तरी नजर वळत नाही. लहानपणी आम्ही दोघं भाऊ च्युइंगमच्या पाकिटात निघणारी क्रिकेटपटूंची कार्डं जमवायचो. कुणाच्या किती धावा, किती बळी, सगळं दादाला तोंडपाठ. पुढे घर बदलताना ती कार्डं रद्दीत गेली. तशी पुन्हा हातात दिली तर त्याच्या आत कुठंतरी काही हलेल, असं मला वाटायला लागलं.

परभणीत जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं विकणारा एक माणूस आहे असं कळलं. गेलो. त्यानं प्लास्टिकच्या पाकिटांतली कार्डं पुढ्यात मांडली.

"बघा साहेब, लय जुना माल हाय."

मी एकेक बाहेर काढून उजेडात धरलं. कोपरे झिजलेले, रंग पिवळट. पण तो पिवळेपणा पुढून-मागून सगळीकडे सारखाच. शिवाय जुन्या कार्डाची पाठ खरखरीत असायची. ही बोटाखाली गुळगुळीत लागली. वास घेतला. चहाचा आला.

"चहात भिजवलीत का हो?"

त्यानं माझ्या हातातलं कार्ड घेऊन परत पाकिटात सरकवलं. मग म्हणाला, "एवढं कुनी बघत न्हाई. लोक शोकेसात ठेवायला न्यायलेत. तुमाला कशाला पायजेत?"

मी दादाचं सांगितलं. त्यानं ती कार्डं बाजूला सारली आणि आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यातली मात्र खरी होती. पाठ खरखरीत, कडा वाकड्या कापलेल्या, एकावर कुणीतरी पेनानं धावा वाढवून ठेवलेल्या.

"ही माझी हायेत. विकायची नव्हती," तो म्हणाला. "पन न्या."

परतताना गाडीत मी आशेला लागलो होतो. दादा कुणाचं नाव आधी घेईल, याचाच विचार.

घरी त्याच्या चांगल्या हातात एक कार्ड ठेवलं. बोटं मिटली. वहिनी दारातून पुढं आली.

"दादा, कोन हाय हा? सांग की," मी कार्डाकडे बोट दाखवून म्हणालो.

अंगठा कडेवरून फिरल्यासारखा वाटला. मग त्यानं कार्ड तोंडात घातलं आणि चावायला लागला.

वहिनीनं ते हळूच ओढून काढलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं. "काहीबी दिलं की असंच करायलेत, भाऊजी. डॉक्टर म्हनले, आता एवढंच."

बाकीची मी खिशातून काढलीच नाहीत. तिनं ताट वाढलं. मी जेवलो. दादा भिंतीकडे बघत होता.