मावशींचं रूलबुक

मावशींनी कधी कुणाला काही हातात दिलं नाही. त्या फेकत. लॉकरची किल्ली मागितली की ती हवेतून यायची. खडू, साबणाची वडी, सेफ्टी पिनांची डबी, सगळं हवेतून. एकदा तर डोकं दुखतंय म्हणून गोळी मागणाऱ्या मुलीकडे त्यांनी गोळीच फेकली होती आणि ती बिचारी टेबलाखाली रांगत शोधत बसली. "झेलूक येणा नाय तर मागतंस कित्याक?" असं म्हणून मावशी पुन्हा आपल्या स्टुलावर बसल्या. नवीन मुली पहिला आठवडा चिडत, दुसऱ्या आठवड्यात झेलायला लागत. मी पहिल्याच दिवशी झेललं, पण त्यात माझं कौतुक काही नाही. माझे तीन भाऊ घरात चपलासुद्धा अशाच देत असत.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मुलुंडला आमचं कॉलेज होतं आणि मावशी तिथली लेडीज रूम सांभाळत. पंचेचाळिशीचा काटक देह, काष्ट्याचं लुगडं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मूळच्या मालवणकडच्या, लहानपण परळला गेलेलं. तिथल्या मंडळातर्फे त्या खो-खो खेळत. लग्न झालं तसा खो-खो सुटला, नवऱ्याची गिरणी बंद पडली तसं परळ सुटलं आणि त्या कांजूरमार्गच्या एका खोलीत आल्या. खो-खो सुटला असं त्या म्हणायच्या, पण तो काही सुटला नव्हता. स्टुलावर बसण्यापेक्षा उकिडवं बसणं त्यांना बरं वाटे, तेही असं की मागून कुणी नुसतं खाकरलं तरी बाई सुटतील.

अशात अमेरिकेहून एक पेटी आली. आमच्या एका ट्रस्टींची मुलगी तिकडे कॉलेजात सॉफ्टबॉल खेळत असे. तिने जुने ग्लोव्हज, दोन बॅटी, काही बॉल, कॅचरचा मास्क आणि एक इंग्रजी रूलबुक पाठवलं होतं. सोबत तिच्या टीमचा फोटो आणि पत्र. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत त्यांचा मोसम चाले, विमानाने दुसऱ्या गावाला जाऊन त्या मॅच खेळत, लोक तिकीट काढून बघायला येत. पत्र ऐकून मावशी म्हणाल्या, "ह्या पोरींका घरात कामा नसतत?" मग थोडा वेळ फोटोकडे बघून म्हणाल्या, "उभ्या कशा आसत बघ. कोणाक घाबरणत नाय." तो फोटो त्यांनी आरशाशेजारी चिकटवला. त्यानंतर आरशापुढे केस विंचरणाऱ्या आम्ही मुलीही जरा ताठ उभ्या राहायला लागलो, हे मला आता आठवतं.

आमच्या स्पोर्ट्सच्या सरांना क्रिकेटपलीकडे जग नव्हतं. त्यांनी एक ग्लोव्ह हातात घालून बघितला, "मुलींचं क्रिकेट दिसतंय" म्हणाले आणि पेटी लेडीज रूमच्या दारामागे ठेवून दिली. दोन दिवस मावशी त्या पेटीभोवती घुटमळत होत्या. तिसऱ्या दिवशी मी किल्ली मागितली तर किल्लीऐवजी बॉल आला. मी झेलला. शोभाने मागितली, तिनेही झेलला. शोभा भांडुपची, उंच आणि तोंडाने फटकळ. आठवड्याभरात झेलणाऱ्या चौदा मुली जमल्या आणि आमची टीम तयार झाली. निवड समिती वगैरे काही नव्हतं.

आता खेळायचं कसं, ते रूलबुकात होतं. रूलबुक इंग्रजीत आणि मावशींना मराठीही वाचता येत नव्हतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रोज दुपारच्या सुट्टीत मी एकेक परिच्छेद वाचायचा आणि मराठीत सांगायचा. मावशी समोर सूप घेऊन तांदूळ निवडत ऐकायच्या. एकदा ऐकलेलं त्या विसरत नसत. उलट मीच काल काय सांगितलं ते आज विसरायची आणि त्या मला ऐकवायच्या, "काल तू चार बॉल म्हणालंस, आज पाच खंयसून इले?" त्यांनी माझं नावच 'मास्तरणी' ठेवलं.

एका दुपारी मला घाई होती. मैत्रिणींबरोबर घाटकोपरला सिनेमाला जायचं होतं, आणि त्या दिवशीची पानं म्हणजे नुसतं 'असे झाल्यास' आणि 'तसे नसल्यास' यांचं जंगल होतं. मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं सोपं वाचून मोकळी झाले. मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पहिल्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरलो, ते खो-खो खेळणाऱ्या मुलींसारखं. खो-खोत एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, वळलात की फाउल. मावशींनी हे आमच्या हाडात मुरवलं होतं. "सुटलंस काय सुटलंस! मागे बघूचा नाय!" बेसवरून सुटलेली आमची मुलगी म्हणजे बाण. पहिलीच मॅच, एका नावाजलेल्या कॉलेजशी. त्या मागच्या वर्षीच्या विजेत्या. आम्ही फक्त एका रनने मागे होतो, मी दुसऱ्या बेसवर होते, आमचा शेवटचा डाव होता आणि एकच मुलगी बाद झाली होती. शोभाने बॉल उंच मारला. मी सुटले. तिसरा बेस मागे टाकून थेट होमवर, म्हणजे रन पुरा होतो तिथे, पोहोचले आणि दोन्ही हात वर करून उड्या मारायला लागले. मग लक्षात आलं की उड्या मारणारी मी एकटीच आहे. त्यांच्या मुलीने बॉल हवेतच झेलला होता. झेल घेतला गेला की धावणारीने आधी आपल्या बेसवर परत यायचं असतं, हा नियम त्या मैदानावर सगळ्यांना ठाऊक होता, आमच्या टीमला सोडून. त्यांनी सावकाश बॉल दुसऱ्या बेसवर टाकला, मी बाद झाले, मॅच संपली. त्या मुली हसत होत्या. एक जण म्हणाली, "अरे, हिला कुणीतरी परत आणा रे, घरी पोचेल ही!"

संध्याकाळी मी रूलबुक उघडलं. मी उलटलेल्या त्या दोन पानांत तो नियम होता.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी मावशींना बोलावलं. आम्ही दाराबाहेर उभ्या होतो. प्रिन्सिपॉल ओरडणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. ते म्हणाले, "मुलींना नियमसुद्धा माहीत नाहीत? कॉलेजचं हसं झालं." मला वाटलं, आता मावशी सांगणार, पुस्तक ही वाचते, हिला विचारा. मावशी शुद्ध मराठीत, एकेक शब्द जपून बोलल्या, "चूक माझी आहे, साहेब. माझ्या ध्यानात राहिलं नाही." प्रिन्सिपॉल म्हणाले, "आणखी एक वर्ष देतो. स्पर्धेची ढाल जिंकून आणलीत तर सॉफ्टबॉल राहील. नाहीतर ही पेटी माळ्यावर, आणि तुम्ही तुमचं काम बघा." मावशी बाहेर आल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे फेकला. "ग्राउंडार चल, मास्तरणी."

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. वर्षभर सांगितलं नाही. एवढं मात्र केलं की रूलबुक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. "उजळणी करू या, मावशी," मी म्हटलं. त्या दोन पानांशी आले तेव्हा मी भराभर वाचायला लागले. मावशी फक्त एवढंच म्हणाल्या, "सावकाश वाच."

नियम कळला, पण तो पायांना कोण सांगणार? बॉल हवेत गेला की आमचे पाय निघायचेच. मावशींनी हरतऱ्हा केल्या. मैदानात गोणपाटात भुसा भरून बेस केलेले होते. त्यांवर आम्हाला उभं करून त्या लिंबू उंच उडवायच्या. लिंबू त्यांच्या हातात पडायच्या आत जिचा पाय सुटेल तिने मैदानाला फेरी मारायची. मी इतक्या फेऱ्या मारल्या की शोभा म्हणायची, "यार, तू सॉफ्टबॉल सोड, मॅरेथॉनला नाव दे." शेवटी एक दिवस मावशी कंटाळल्या आणि माझ्या बेसजवळ येऊन खो-खोच्या पाटीवर बसतात तशा उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, "तुका धावूचा आसा ना? खो मिळाल्याशिवाय कोण उठता काय? झेल पडासर तू बसलेली. मी खो दिलंय की ऊठ."

त्यांनी लिंबू उडवलं. पडलं. "खो!" आणि मी सुटले. इतके दिवस डोक्यात न शिरलेला नियम त्या एका शब्दाने पायांत गेला. खरा खो पाठीवर थाप मारून द्यायचा असतो. पण मावशींनी हात मागे बांधून घेतले, कारण धावणाऱ्या मुलीला कोचने हात लावून मदत करायची नाही, हेही रूलबुकात होतं. "मास्तरणीन वाचलेला आसा," त्या सगळ्यांना बजावत.

त्या मोसमात आम्ही काय खेळलो, ते मी माझ्या नातीला सांगायला लागले की मुलगा म्हणतो, आई, रन वाढत चाललेत दर वर्षी. वाढू देत. अंधेरीच्या कॉलेजला आम्ही सहज हरवलं. बोरिवलीला चिखलात खेळून हरवलं. सेमीफायनलला शोभाने अशी बोलिंग टाकली की समोरच्या मुलींना बॅट बॉलला टेकवल्याचं पापही लागलं नाही. बॉल टाकण्याआधी ती समोरच्या मुलीकडे बघून हसायची. "हसायचं कशाला गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "फोटोतली ती मधली पोरगी हसते ना, तशी. झकास वाटतं." दर मॅचनंतर मावशी आमच्याकडे एकेक बोर फेकायच्या. हरलेल्या टीमकडेही फेकायच्या. त्यांना झेलता येत नसे.

फायनल चेंबूरच्या मैदानावर होती आणि समोर तेच नावाजलेलं कॉलेज. मला ओळखून त्यांच्यातली एक म्हणाली, "आज परतीचं तिकीट काढलंयस ना?" मी खाली वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या. प्रिन्सिपॉल स्वतः आले होते, पांढरा शर्ट घालून, खुर्ची टाकून.

शेवटच्या डावात बरोबरी होती. आमची बॅटिंग, एक बाद, आणि तिसऱ्या बेसवर मी. एक रन आणि ढाल आमची. शोभा बॅटिंगला आली. तिसऱ्या बेसजवळ कोचने उभं राहायचं असतं. मावशी तिथे उभ्या नव्हत्या, उकिडव्या बसल्या होत्या, हात मागे बांधून.

शोभाने बॉल मारला, उंच, अगदी गेल्या वर्षीसारखा. त्यांची डावीकडची मुलगी त्याच्याखाली येऊन उभी राहिली. माझ्या सगळ्या अंगाला निघायचं होतं. प्रेक्षकांत कुणीतरी "भाग, भाग!" ओरडत होतं. मी गोणपाट पायाने दाबून धरलं आणि बॉलकडे बघितलंच नाही, मावशींच्या आवाजाकडे कान लावला. किती वेळ गेला कोण जाणे. मावशी काही बोलेनात.

"खो!"

मी धावले. समोर कॅचर हात पसरून उभी, मागून बॉल येतोय हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी घसरले, गुडघा सोलवटला, हात होमवर टेकला. बॉल त्यानंतर आला. आमच्या मुली किंचाळल्या. पण त्यांच्या कॅप्टनने हात वर केला. ही झेलाच्या आधी सुटली, असं तिचं म्हणणं. त्यांनी बॉल तिसऱ्या बेसवर टाकला आणि सगळं मैदान अंपायरकडे बघायला लागलं. मी धुळीतच बसून होते. तो माणूस आधी बेसकडे चालत गेला, मग त्याने मावशींकडे बघितलं, आणि दोन्ही हात आडवे पसरले. रन बरोबर होता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. शोभाने मला उचललं होतं आणि "वाट लावली त्यांची!" असं माझ्या कानात ओरडत होती. प्रिन्सिपॉल टाळ्या वाजवत मैदानात आले आणि धुळीने त्यांचे बूट भरले. कुणीतरी मावशींना खांद्यावर घ्यायला गेलं तर त्यांनी त्याला किल्ल्यांनी हाणलं. फोटो काढताना त्या मधे उभ्या राहीनात. शेवटी पुढे जमिनीवर बसल्या, खो-खोवालीसारख्या, मांडीवर ढाल घेऊन. तो फोटो आरशाशेजारी लागला, अमेरिकेच्या फोटोला चिकटून. प्रिन्सिपॉलांनी त्याची एक प्रत तिकडे पाठवली. आमच्या पोरींच्या गुडघ्यांवर माती जास्त होती, हे मी अभिमानाने सांगते.

बी.ए. झाले, नोकरी लागली. रुजू होण्याआधी पेढे घेऊन मी कांजूरला मावशींच्या खोलीवर गेले. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात ठेवला आणि न ठरवता बोलून गेले. "मावशी, पहिल्या वर्षी ती दोन पानं मी वाचलीच नव्हती. मी सिनेमाला गेले होते. चूक तुमची नव्हती."

मावशींनी पेढा अर्धा खाल्ला. मग उठून फळीवरून रूलबुक काढलं. त्या दोन पानांपैकी एकाचा कोपरा दुमडलेला होता, जुनी घडी, कागद तिथे पिवळा पडला होता. ती घडी मी कितीदा बघितली होती, अमेरिकेतलीच असेल असं समजून.

"त्याच दिवशी घातलेली खूण," त्या म्हणाल्या. "माका वाचूक येणा नाय, पण पानां मोजूक येतत गो. तुका घाई होती. म्हटलां, उद्या विचारीन. मागे ऱ्हवला ता ऱ्हवला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग साहेबांपुढे बोलला का नाहीत?"

"मॅच गेली ती गेली," मावशी म्हणाल्या. "तिच्याबरोबर तुका पण घालवू?"

मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं, उरलेला पेढा खाल्ला. निघताना मी दारात उभी राहिले, हात पुढे करून, सवयीने, काहीतरी हवेतून येईल म्हणून. मावशी उठल्या, जवळ आल्या आणि रूलबुक माझ्या दोन्ही हातांत ठेवलं.