माझ्या पायावर शिकणाऱ्या पोरी

"गँगरीन आहे, बाबा. अंगठा काढावा लागेल. त्यावर थांबलं तर ठीक, नाहीतर पाय जाईल," डॉक्टर म्हणाले.

गँगरीन म्हणजे जित्या माणसाचं मांस कुजणं. डायबिटीस असला की जखम दुखत नाही, म्हणून कळत नाही. मला चपलेचा फोड आला होता. हळद-तेल लावून मी तसाच अख्ख्या चारकोपभर फिरलो. तुम्ही तसं करू नका.

अंगठा गेला. ड्रेसिंगला शिकाऊ नर्स यायच्या. मी चौथी शिकलेला कापड गिरणीतला कामगार, पण माझ्या पायावर कोणी शिकावं हे मला मंजूर नव्हतं. दुसरीकडे कुठे घेतलं नाही म्हणून पोरी नर्सिंगला येतात, असा माझा संशय. प्रत्येकीला विचारायचो, "दहावीक मार्क किती गो तुका?"

एक म्हणाली, "फर्स्ट क्लास." तिला पाय दिला. पट्टी झकास बांधली, पण तोंड सगळा वेळ खिडकीकडे.

दुसरी म्हणाली, "गणितात उडाले होते, आजोबा. पण नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आलेय."

"नापास झालेली पहिली? कोणाक सांगतंस?" मी पाय चादरीत ओढला.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "खरं आहे. हे काम तिला आवडतं, म्हणून अभ्यास होतो." मला नाही पटलं. नंबर आला म्हणून आवडत असेल. आणि सिस्टर तिचीच बाजू घेणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी फर्स्ट क्लासवालीने बदलली. दुपारी ही गणितात उडालेली थर्मामीटर घेऊन आली आणि थबकली.

"आजोबा, पट्टी सोडते. वास येतोय."

"तुझ्याच नाकाक बरो येता!"

"येऊ दे. शिव्या नंतर द्या."

पट्टी सोडून तिने तळवा दाबला. पू आला. ती धावत डॉक्टरांकडे गेली. संध्याकाळी त्यांनी तळवा चिरला. "उशीर झाला असता तर पाय गेला असता," म्हणाले.

फर्स्ट क्लासवाली येऊन रडली. "मला कॉलेजात जायचं होतं, आजोबा. घरच्यांनी इथे घातलं. मला जखम बघवतच नाही."

गिरणीत नवा बदली कामगार आला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याची शाळा विचारत नसे. तुटलेला धागा हातात द्यायचा आणि जोडतो कसा ते बघत उभा राहायचा.

पाय शाबूत आहे. त्या पोरीचे उपकार आहेत. अजून तपासायला जातो. नवी नर्स आली की मार्क विचारत नाही. पट्टी सुटताना तिचं तोंड बघतो. खिडकीकडे वळलं की हाक मारतो, "गो बाय, पाय हयसर आसा."